नदीवर गेलेलं घर

सुतळीला कुठल्याही घरात नेऊन उभं करा. समोर चहा यायच्या आत त्याने ते घर मनातल्या मनात भरून ट्रकात चढवलेलं असतं. पुस्तकांची चार खोकी, काचसामानाची तीन, कोपऱ्यातल्या दिव्याला वेगळी पेटी, आणि आजीबाईंचं कपाट दारातून निघायचं नाही, पाय काढावे लागतील. कपाटाचे. हे सगळं मनात चाललेलं असतं आणि तोंडाने तो "वा, छान आहे हो घर" असं म्हणत असतो.

लोकांची घरं एका जागेवरून उचलायची आणि दुसऱ्या जागी नेऊन लावायची, हे त्याचं काम. सव्वीस वर्षं झाली. या काळात तीन मालक बदलले, सुतळी तोच राहिला. खिशात कायम सुतळीचं भेंडोळं, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव हजेरीपटावर आहे आणि तिथेच सुखात आहे. बायको "अहो" म्हणते, लेक "बाबा" म्हणते, बाकी सगळं जग सुतळी म्हणतं आणि तो सगळ्यांना ओ देतो.

त्याच्या हाताला एक खोड होती. वस्तू दिसली की हात तिला कागदात गुंडाळायला लागायचे. एकदा फोनवर बोलता बोलता त्याने बायकोचा अर्धा प्यायलेला चहाचा कप गुंडाळून, वर चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला होता. चहासकट. थेंबही सांडला नव्हता, हे तो अजून छाती फुगवून सांगतो. बायको काय म्हणाली होती, ते मात्र सांगत नाही.

तर ही गोष्ट त्या हातांची आहे, आणि आप्पांची.

आप्पा म्हणजे सुतळीचे सासरे. पस्तीस वर्षं सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर उंच खुर्चीत बसून शिट्टी वाजवलेला माणूस. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातच. जावयाशी बोलण्याचा त्यांना कंटाळा. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण त्यांनी सुतळीशी केलेलं सगळं बोलणं एका कागदावर मावलं असतं, आणि त्यातलंही निम्मं "पळू नका" आणि "उडी मारू नका" असंच निघालं असतं. तरी सुतळीला हा म्हातारा आवडायचा. का, ते विचारू नका, त्यालाही सांगता आलं नसतं.

सासूबाई गेल्यावर आप्पा एकटेच दीड खोलीत राहत होते. आता ती इमारत पाडायची ठरली होती आणि महिनाअखेर खोली सोडायची होती. आप्पांना मुली दोन. थोरली ताई, तिचा नवरा म्हणजे सुतळीचा साडू. त्यांचं घर ऐसपैस, दोन माणसं आणि चार खोल्या. धाकटी सुतळीची बायको. त्यांच्या दोन खोल्या, त्यात दहा वर्षांची भिंगरी नावाची लेक, जी एकटीच चार माणसांची जागा व्यापायची. आप्पा कुणाकडे जाणार, यावरून दोघी बहिणींत महिनाभर फोन चालले होते. दोघीही गोड बोलत होत्या, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

शेवटी एका रविवारी सगळे जमलेले असताना आप्पांचा पारा चढला.

"मला विचारतंय का कुणी? ही म्हणते माझ्याकडे, ती म्हणते माझ्याकडे. मी काय सामान आहे, इकडून उचललं तिकडे ठेवलं?" आणि इथे त्यांनी सरळ सुतळीकडे पाहिलं. "जो मला सामान समजेल, त्याच्या घरात मी पाऊल टाकणार नाही. पुढच्या रविवारी सगळे नदीवर जाऊ, एक दिवस तंबू ठोकून राहू. तिथे सांगेन काय ते."

नदीवर का, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. पस्तीस वर्षं बांधलेल्या पाण्याकडे बघून काढल्यावर माणसाला वाहतं पाणी बघावंसं वाटत असेल, एवढंच.

घरी आल्यावर सुतळीची बायको ओट्याशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आई आजारी होती तेव्हा भिंगरी तान्ही होती. मला जाता आलं नाही. ते माझ्या मनातून जात नाही. मला आप्पा हवेत इथे. अडचण होईल, होऊ दे. पण तुम्ही काही गडबड करू नका. फक्त एक दिवस, अहो, एकच दिवस हात खिशात ठेवा."

"ठेवतो," सुतळी म्हणाला. त्याने अगदी मनापासून सांगितलं होतं.

रविवारी सकाळी मालकाने छोटा बंद ट्रक वापरायला दिला. सुतळीने घरचा तंबू, सतरंज्या, कंदील, पाण्याचे कॅन असं सगळं भरलं, पार आतल्या बाजूला नीट लावलं. बायको आणि भिंगरी साडूच्या गाडीतून जाणार होत्या, खाण्याचे डबेही तिकडेच. आप्पांना त्या गाडीतल्या थंड हवेने खोकला यायचा, म्हणून त्यांनी ट्रकातून यायचं ठरवलं होतं. सुतळीने त्यांना नऊ वाजता न्यायचं होतं. धंद्याच्या सवयीने तो साडेसातलाच पोचला.

आप्पा घरी नव्हते. शेजारीण म्हणाली, "दाढी करायला गेलेत. रविवारी तिथे गप्पा रंगतात, नऊशिवाय यायचे नाहीत. किल्ली माझ्याकडे आहे, आत बसा."

सुतळी आत बसला. हात खिशात. समोर टेबलावर आप्पांचा चष्मा होता. नदीवर चष्मा लागेलच, फुटायला नको, म्हणून त्याने तो कागदात गुंडाळला. इथवर कुणीही केलं असतं. चष्म्याशेजारी औषधाची बाटली होती, तीही लागणारच. बाटलीशेजारी पेला. पेल्यावर झाकण. झाकणामागे फळीवर सहा बशा, आणि सहा बशांतली एक उचलली की उरलेल्या पाच डुगडुगतात, ते त्याला बघवेना. ट्रकात शनिवारच्या कामाची रिकामी खोकी होती. सुतळी उठला.

त्यानंतर काय झालं, ते त्याला नीट आठवत नाही. चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आठवतो. तोंडाने शीळ वाजत होती, तेही आठवतं. तळमजल्याची खोली, दाराशी ट्रक, अडवायला कुणी नाही. लोखंडी पलंग चार पेच सोडवले की सुटा होतो. कपाट भिंतीतलं, म्हणून ते वाचलं, पण आतलं सगळं निघालं. पावणेनऊला सुतळी दारात उभा राहून कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "झालं!" आणि मग त्याने मागे वळून पाहिलं.

खोलीत खिळे होते फक्त.

भरायला सव्वा तास लागतो, पण लावायला तीन तास लागतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? चूक नुसत्या हातांची होती की हातांच्या मागे कुठेतरी तो स्वतःही होता, यावर नंतर घरात बरीच चर्चा झाली. त्या क्षणी मात्र त्याच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: मी काय सामान आहे? आणि गल्लीच्या टोकाला गुळगुळीत दाढी केलेले आप्पा दिसू लागले होते.

सुतळीने ट्रकाचं दार लावलं, खोलीला कुलूप घातलं, किल्ली शेजारणीला दिली आणि धावत जाऊन आप्पांना अर्ध्या रस्त्यातच गाठलं.

"पळू नका," आप्पा म्हणाले.

"आप्पा, उशीर झालाय, बसा ट्रकात."

"माझी पिशवी? चष्मा?"

"घेतलंय. सगळं घेतलंय," सुतळी म्हणाला. त्या दिवसभरात तो याइतकं खरं दुसरं वाक्य बोलला नाही.

वाटेत अर्ध्या तासाने आप्पा मान तिरकी करून कान लावून ऐकू लागले. "हा ट्रक रिकामा आहे ना?"

"तसा... तंबू वगैरे आहे."

"मग खडखडत कसा नाही? रिकाम्या ट्रकाचा पत्रा वाजतो."

सव्वीस वर्षांत सुतळीला आपण सामान चांगलं बांधतो याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं. "नवीन ट्रक आहे," तो म्हणाला. ट्रकाला आरशाच्या जागी दोरी होती.

नदी मात्र झकास होती. रुंद वाळू, बाजूला हिरवळ, आणि वर बांधावरून जाणारा रस्ता. सुतळीने ट्रक वरच ठेवला, दाराची बाजू झुडपांकडे करून. साडूने गाडी थेट खाली वाळूपर्यंत नेली होती आणि तो आपला नवा तंबू उभा करत होता. साडू विमा कंपनीत होता. लोकांची जळलेली दुकानं आणि बुडालेली गोदामं पाहून नुकसान किती झालं ते ठरवायचं, हे त्याचं काम. त्यामुळे कुठल्याही धडधाकट वस्तूकडे तो, ही कशी मोडेल, अशा नजरेने बघायचा. तंबूला तीन खिडक्या होत्या आणि सूचनांचं पुस्तक तंबूपेक्षा जाड होतं.

"साडूभाऊ, तुमचा तंबू कुठे?" त्याने विचारलं.

आणि इथे सुतळीला दुसरा धक्का बसला. घरचा तंबू पार आतल्या टोकाला होता, आणि त्याच्यापुढे आप्पांचा आख्खा संसार. जे आधी लागणार ते शेवटी भरायचं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी हेच घोकवून घ्यायचा. कळलं असतं तर सगळी पोरं पोट धरून हसली असती.

"तंबू काय, लावू सावकाश," तो म्हणाला. "आधी जरा ऊन खाऊ."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत हा माणूस कधी ऊन खात बसल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

ऊन खाऊन झालं. अंडी, बटाटे, पाव खाऊन झाले. सतरंज्या आण, असं ताईने म्हटलं, तर हिरवळीवर बसणं पाठीला कसं चांगलं, यावर सुतळीने व्याख्यान दिलं. आप्पांनी चष्मा मागितला. सुतळी ट्रकाकडे गेला, दार वीतभर उघडून आत हात घालून त्याने दाराशी ठेवलेला चष्मा काढला, आणि वळतो तो मागे भिंगरी.

"बाबा, आजोबांची आरामखुर्ची आत का आहे?"

"कुठली खुर्ची?"

"आणि घड्याळ. आणि बादली. आजोबांचं सगळंच आहे." मग तिचे डोळे मोठे झाले. "तुम्ही भरलंत? न विचारता?" आणि ती तोंडावर हात दाबून हसायला लागली, ती थांबेच ना.

"भिंगरे, तुझ्या पाया पडतो."

"नको. माझ्याबरोबर पाण्यात खेळायचं. मी म्हणेन तेवढा वेळ."

अशा रीतीने सुतळी दीड तास गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्याच्या अंगावर लेकीने यथेच्छ पाणी उडवलं. साडू लांबून म्हणाला, "हौशी बाप आहे."

दीडच्या सुमाराला आप्पा वाळूवर येऊन उभे राहिले. आता सांगणार, असं सगळ्यांना वाटलं. दोघी बहिणी जवळ सरकल्या. सुतळीच्या बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पण आप्पा पाण्याकडे बघत होते.

"पाण्याचा रंग बदललाय," ते म्हणाले. "वरच्या अंगाला कुठेतरी जोरात पडतोय."

"छे, आप्पा," साडू म्हणाला. त्याने फोन पुढे केला. "आज पावसाची शक्यता शून्य. हे बघा, लिहिलंय."

त्याच वेळी वाऱ्याचा पहिला झोत आला आणि तीन खिडक्यांचा तंबू जागचा उठला. आधी तो जरा बसल्यासारखा झाला, मग सगळ्या खुंट्यांसकट वर गेला, साडूच्या डोक्यावरून सावकाश एक गिरकी घेतली आणि नदीत जाऊन पडला. सूचनांचं पुस्तक साडूच्या हातात तसंच राहिलं.

आप्पांनी शिट्टी वाजवली. पस्तीस वर्षांची शिट्टी ती, सगळे जागच्या जागी ताठ झाले. "पाण्यापासून लांब! गाडी वर घ्या! सामान राहू दे! पोरीला उचला!" म्हातारा एकदम वीस वर्षांनी लहान झाला होता. दहा मिनिटांत सगळे बांधावर होते, आणि जिथे मघाशी अंडी सोलली होती तिथे गढूळ पाणी फिरत होतं. सगळे गाडीत शिरणार, एवढ्यात गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. पहिल्या दोन-चारांतच गाडीच्या पुढच्या काचेला आरपार तडा गेला. साडू त्या तड्याकडे नुसता बघत राहिला. जन्मभर दुसऱ्यांच्या नुकसानीला "हे काही फार नाही" म्हणणारा माणूस, त्याची बोलतीच बंद झाली.

"ट्रकात चला!" आप्पा ओरडले.

"ट्रकात नको!" सुतळी त्याहून मोठ्याने ओरडला.

"का नको?"

"जागा नाही!"

"रिकाम्या ट्रकात जागा नाही?"

सुतळी दारासमोर हात पसरून उभा राहिला. गारा त्याच्या टाळूवर टणाटण वाजत होत्या. बायको ओरडली, "अहो, पोरगी भिजतेय, वेड लागलंय का तुम्हाला?" भिंगरी मात्र मजेत होती. पुढे काय होणार ते तिला एकटीलाच माहीत होतं. शेवटी सुतळीने डोळे मिटले आणि दार उघडलं.

सगळे आत चढले. दार अर्धं ओढून घेतलं. उजेडाच्या पट्टीत आधी आरामखुर्ची दिसली, मग सुटा केलेला पलंग, मग एकावर एक खोकी, प्रत्येकावर नंबर आणि सुतळीच्या वळणदार अक्षरात: 'आप्पा, फळी दुसरी, डावीकडून'. आप्पांनी ते वाचलं. मग दुसरं वाचलं. मग ते जावयाकडे वळले आणि बोलायला लागले.

पण पत्र्यावर गारा अशा कोसळत होत्या की एक अक्षर कुणाला ऐकू येईना. आप्पांचे ओठ हलत होते, बोट नाचत होतं, मानेची शीर फुगली होती, मध्येच ते छातीवर हात मारत होते, एकदा त्यांनी पलंगाच्या पायाला लाथही मारली. चांगली दहा मिनिटं हे चाललं. सुतळी मान खाली घालून उभा होता. गारा थांबल्या आणि नेमके त्याच क्षणी आप्पाही थांबले.

"समजलं?" त्यांनी विचारलं.

"हो," सगळे एका सुरात म्हणाले.

मग साडूला वाचा फुटली. "हे ठरवून केलंय! आप्पांनी सांगायच्या आधीच सामान उचललं, म्हणजे नेऊन टाकायचं यांच्याच घरी. साडूभाऊ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

सुतळीची बायको नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही आप्पांना विचारलं होतंत?"

"नाही."

"मग कसं..."

"चष्मा घेतला. मग बाटली. मग..." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "पुढचं कळलंच नाही गं. अगदी चहाच्या कपासारखं झालं."

तिला ते एका क्षणात पटलं, आणि पटलं म्हणूनच तिला रडू आलं. ठरवून केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ती एका खोक्यावर बसली, 'काचसामान, हळू' असं लिहिलेल्या, आणि हुंदके देत म्हणाली, "घालवलंत तुम्ही. सगळं घालवलंत." सुतळीला वाटलं, नदीने तंबूऐवजी आपल्याला नेलं असतं तर बरं झालं असतं.

सगळे भिजून कुडकुडत होते. सुतळीने न बोलता सात नंबरचं खोकं उघडलं, टॉवेल काढून दिले. चार नंबरातून स्टोव्ह निघाला, पाचातून चहा-साखर, आणि पलंग त्याने सहा मिनिटांत जोडला. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता आणि आत पाच माणसं आप्पांच्या कपांतून, आप्पांच्या पलंगावर बसून चहा पीत होती. साडूने सवयीने खोकी तपासायला घेतली. एक उघडलं, दुसरं उघडलं, बशा उजेडाला धरून पाहिल्या. "ओरखडासुद्धा नाही," तो जरा हिरमुसून म्हणाला.

आप्पा आरामखुर्चीत बसून होते. चहा संपल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "पाऊस थांबला की ट्रक वळवा. जिथलं सामान तिथे लावून द्या. अगदी होतं तसं. मग बघू."

तीनला पाऊस ओसरला, साडेचारला सगळे आप्पांच्या खोलीत होते. निर्णय काय तो ऐकल्याशिवाय ताई आणि साडूही हलायला तयार नव्हते, त्यामुळे तडकलेल्या काचेतून वाकून बघत बघत तेही आले होते. सुतळी कामाला लागला. इतकं मुकाट्याने त्याने आयुष्यात काम केलं नव्हतं. फळ्या भरल्या, भिंती भरल्या, औषधाची बाटली, तिच्याशेजारी पेला, पेल्यावर झाकण. अर्धा वाचलेला जुना पेपर त्याच घडीवर दुमडून उशाशी. आप्पा मागे हात बांधून प्रत्येक वस्तूपाशी जात होते, चूक शोधत होते. मिळत नव्हती, म्हणून जास्तच चिडत होते.

"हे घड्याळ तिरकं लावलंत!" ते अखेर विजयाने म्हणाले.

"तिरकंच होतं, आप्पा."

आप्पांनी शेजारणीला बोलावून खात्री करून घेतली. ती म्हणाली, "मी आले तेव्हापासून तिरकंच आहे, मला वाटलं तुम्हाला तसंच आवडतं."

साडेसातला शेवटचं खोकं रिकामं झालं. आप्पा खुर्चीत टेकले. त्यांनी न बघता उजवा हात बाजूला नेला आणि चष्मा हाताला लागला. सासूबाई गेल्यापासून आप्पांच्या वस्तूंकडे एवढं लक्ष देऊन कुणी पाहिलं नव्हतं, ते खुद्द त्यांनाही आत्ताच कळत होतं. दाराशी त्यांची धाकटी मुलगी उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

"हं," आप्पा म्हणाले. "आता विचारा."

"काय विचारू?" सुतळीने विचारलं.

"सकाळी विचारायचं राहिलं ते."

सुतळी पुढे आला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते पाठीमागे धरले. "आप्पा, आमच्याकडे राहायला याल का? खोल्या दोनच आहेत. भिंगरी दंगा करते. हिला तुम्ही हवे आहात." मग जरा थांबून म्हणाला, "मलाही."

आप्पांनी ताईकडे पाहिलं. ताईचा चेहरा उतरला होता, पण ती म्हणाली, "आप्पा, मला रविवारी भेटलात तरी चालेल." साडू मनात काचेचा खर्च मांडत होता.

"येतो," आप्पा म्हणाले.

सुतळीच्या बायकोने दाराची चौकट धरली. सुतळीचा हात आनंदाने आपोआप समोरच्या बशीकडे गेला, तोच शिट्टी वाजली.

"विचारून!" आप्पा म्हणाले.

"आप्पा, ही बशी घेऊ?"

"घ्या."

"ही दुसरी?"

"हिची गोष्ट आहे. बसा, सांगतो."

त्या रात्री सहा बशा झाल्या. सोमवारी सुतळी कामावरून ट्रक घेऊन थेट इकडे आला, मंगळवारीही आला. आप्पा कशाला "घ्या" म्हणत, कशाला "नको", आणि बहुतेक वस्तूंना "विचार करतो". बादलीवर तर दोन दिवस विचार चालला. अठरा वर्षांत जावयाशी न बोललेलं सगळं ते आता वसूल करत होते, आणि सुतळी प्रत्येक वस्तूसमोर उभा राहून, हात मागे बांधून, विचारत होता. दोघांनाही त्याची गोडी लागली होती, पण दोघेही ते कबूल करत नव्हते. अशाने शनिवार उजाडला. सोमवारी इमारत रिकामी करायची होती आणि खोलीतलं निम्मं सामान अजून जागच्या जागी होतं.

शनिवारी संध्याकाळी सुतळीची बायको आली. आत सुतळी हातात चमचा घेऊन उभा होता आणि आप्पा खुर्चीत डोळे मिटून त्या चमच्याचा विचार करत होते.

"पुरे झालं," ती म्हणाली. "सहा दिवस घरी पलंगाची जागा करून ठेवलीय मी. रोज झाडते, रोज वाट बघते. मला विचारलंत का कुणी, तुला आणखी किती थांबवायचं? अहो, तुम्ही भरा. सगळं भरा. आणि आता कुणी कुणाला काही विचारायचं नाही. आप्पा, उठा."

तिने हात पुढे केला. चमच्यासाठी पाऊण तास घेणाऱ्या आप्पांनी तो हात धरला आणि ते निमूट उठले. खोलीकडे वळूनही न बघता ते लेकीबरोबर जाऊन ट्रकाच्या पुढच्या सीटवर बसले.